तो बर्फ टाकता कुठं?

"पोट्टा आल्यापासून नाकावरचा रुमाल काढून नाई राहिला, पाह्य ना वं वच्छला! गल्लीत आला की रुमाल, नालीजवळ गेला की रुमाल. याच गल्लीत नागडा फिरत होता, तवा नाक कुठं गेलं होतं याचं?"

गोपिकाबाई नळावर घागर आपटत बोलत होत्या. नागपूरच्या त्या जुन्या गल्लीत त्यांच्या अंगणासारखं अंगण नव्हतं. सडा त्यांचाच आधी पडायचा आणि खराटाही त्यांचाच आधी फिरायचा. चार बुकं धड शिकल्या नव्हत्या, पण पोराला इंजिनिअर करून थेट कॅनडात धाडलं होतं. तोच अनंत आता सुटीवर आला होता आणि आईच्या गल्लीला नाक मुरडत होता.

"सर्दी असन वं काकी," वच्छला हसून म्हणाली. तिचं घर गल्लीच्या पार टोकाला, उतारावर, रस्त्याहून खाली. तिची लेक शामला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. रस्त्याकडच्याच खोलीत तिची बाज होती आणि बाजेखाली शेगडी.

"सर्दी नाई, ऐट हाय," गोपिकाबाई म्हणाल्या. पण घागर उचलताना ओठ आतून हसत होतेच. ऐट असली तरी त्यांच्याच पोराची होती ना!

दुपारी पाटावर बसल्याबसल्या अनंत सुरू झाला.

"आई, मॉन्ट्रियलमध्ये एका रात्रीत कमरेइतका बर्फ पडतो. पण सकाळी बस चालू! आधी नांगरासारखी यंत्रं येतात, बर्फ कडेला लोटतात. मग भोंगा वाजतो. भोंगा वाजला की आपापली गाडी हलवायची, नाही तर उचलून नेतात. मागून दुसरं यंत्र येतं, ते बर्फ गिळतं आणि ट्रकमध्ये थुंकतं. ट्रकमागं ट्रक! याला म्हणतात शहर."

"अन् तो बर्फ टाकता कुठं?"

"अं? शहराबाहेर. मैदानात डोंगर रचतात. काही नदीत लोटतात. उन्हाळा आला तरी डोंगर वितळतच असतो. खरं तर सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच."

"आपल्या दारातला शेजाऱ्याच्या दारात लोटला तं?"

"छे! दंड होईल."

"हं," गोपिकाबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

त्याच दिवशी चार वाजता आभाळ काळंठिक्कर झालं आणि गारा कोसळल्या. साध्यासुध्या नाहीत, लिंबाएवढ्या! छपरावरचे कवेलू फुटले, कुत्री ओट्यावरच्या बाजांखाली शिरली. थांबल्या तेव्हा सगळी गल्ली पांढरी होती आणि गारांचा घोट्याएवढा थर चिकटून दगड होत होता.

अनंताच्या अंगात वारं शिरलं. त्यानं फावडं घेतलं. "बघा, अशी असते पद्धत!" म्हणत त्यानं अंगणातल्या गारा सपासप नालीत लोटल्या. घटकेत अंगण मोकळं! लोक पाहतच राहिले. गल्लीतला रुपराव आपली बैलबंडी सोडून आला, भैयाजी पायजमा वर खोचून आले, आणि घराघरातून फावडी निघाली. सगळ्या गल्लीच्या गारा नालीत गेल्या. गोपिकाबाई ओट्यावर उभ्या राहून आल्यागेल्याला सांगत होत्या, "माहा पोरगा हाय. कॅनडाची पद्धत हाय!"

तेवढ्यात टोकाकडून किंकाळी आली.

"काकी! पानी घुसलं वं! माही शामला, लेकरू!"

गोपिकाबाई धावल्या. नाली गारांनी तुंबली होती आणि काळं, बर्फासारखं गार पाणी वच्छलाच्या उंबऱ्यावरून आत शिरत होतं. शेगडी विझली होती. बाजेवर शामला तान्ह्याला छातीशी धरून थरथरत होती, आणि लेकरू रडतही नव्हतं. त्याचे ओठ निळे पडले होते!

गोपिकाबाईंनी लेकरू ओढून पोलक्याच्या आत, पोटाशी घेतलं. शामलाला हाताला धरून स्वतःच्या घरी आणलं, चुलीपुढं बसवलं. पाठ चोळली, तळवे चोळले. बराच वेळ काही नाही. मग लेकरानं असा टाहो फोडला की दारातल्या बायांनी डोळ्याला पदर लावले.

अनंत दारात उभा होता. रुमाल हातात होता.

"मी तर फक्त आपलं अंगण साफ केलं," तो पुटपुटला. "इथली नालीच बेकार. म्युनिसिपालिटी..."

"म्युनिसिपालिटीले मी पाहून घेईन!" गोपिकाबाई कडाडल्या. "तुले इचारलं होतं, तो बर्फ टाकता कुठं? तिकडं दंडाच्या भेवानं तुले शेजारी दिसते, अन् इथं काहून नाई दिसला गा? वच्छलानं तुले कडेवर खेळवलं हाय!"

अनंताची मान खाली गेली. तो वळला. भारी पँट गुडघ्यावर चढवली आणि थेट नालीत उतरला. रुमालाची आठवणही त्याला राहिली नाही.

"रुपरावभाऊ, बंडी जुंप गा! घमेलं आना!" तो ओरडला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या तोंडी गल्लीची बोली आली.

रुपरावचा गहू शेतात उभा होता. कोणीतरी म्हणालं, तू आधी वावर पाहून ये. "गव्हाचं जे व्हायचं ते झालं असन," म्हणत त्यानं बैल जुंपले. बंडीमागं बंडी गल्लीबाहेरच्या मैदानातल्या कडुलिंबाखाली रिकामी होऊ लागली. सगळी गल्ली लागली. दिवेलागणीला पाणी खळखळ वाहून गेलं आणि वच्छलाचं घर पाण्याबाहेर आलं.

सकाळी लोक तो ढीग पाहायला गेले. रात्रीतून गारा बऱ्याच वितळल्या होत्या आणि वितळल्यावर काय उरलं होतं? राख, चिंध्या, केळ्याची सालं, घराघरातलं रोजचं झाडून नालीत लोटलेलं सगळं! त्यात अनंताच्या विलायती सिगारेटची पाकिटंही होती. कोणी कोणाकडे बोट दाखवलं नाही, कारण ज्याला त्याला आपलं आपलं दिसत होतं. गोपिकाबाईंनी त्यातली आपल्या चुलीची राख ओळखली. घरी आल्यावर त्यांचा खराटा नालीपाशी थांबला आणि केर टोपल्यात गेला. मग शेजारचा खराटा थांबला. वाचकहो, तुमच्या गल्लीतला कुठं थांबतो?

अनंत ओट्यावर बसला होता. नखांत काळं तसंच होतं. गोपिकाबाईंनी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"अनंता, ध्यानात ठेव. दारातून गेलं म्हणजे गेलं नाई. ते कोणाच्या तरी दारात जाऊन बसलं. शेजाऱ्याचा उंबरा कोरडा राहिला, तवाच आपलं अंगण साफ झालं समज! विमानातून उतरला, तवा मले वाटलं पोरगा आला. पण तू तं काल आला गा, नालीत उतरला तवा!"