वरचे दोन इंच

अप्पा गेल्याला अकरा दिवस झाले होते, आणि त्यांचा मुलगा प्रभंजन सुभाष रोडवरच्या एका दुकानात गादीवर आडवा पडून, काही वाटतंय का ते बघत होता. काही वाटत नव्हतं. त्यात गादीचा दोष नव्हता.

"वरचे दोन इंच मऊ फोम, अण्णा," दुकानदार सांगत होता. "सुख त्यात. खालचे चार इंच कडक, आयुष्य त्यात. वरचा थर जास्त जाड घेतला की वर्षात खड्डा पडतो. पातळ घेतला की कंबर धरते. वापरणाऱ्याचं वजन किती?"

"सध्या काही नाही."

दुकानदारानं त्याच्या ताज्या गोट्याकडे बघितलं. "शून्य टाकलं तर कॉम्प्युटर घेत नाही. पंचावन्न टाकतो."

अशा रीतीनं अप्पांचं वजन परत आलं. दहा वर्षांची वॉरंटीही त्यांच्याच नावानं निघाली.

अप्पा तीस वर्षं एकाच कापसाच्या गादीवर झोपले. कापूस केव्हाच कडेला जाऊन बसला होता आणि मधे अप्पा फळीवर. "नवी घेऊ या का रे?" असं ते तीन दिवाळ्या म्हणाले. प्रभंजन तिन्ही वेळा "बघू" म्हणाला. आता एकच सोय उरली होती: बाराव्याचं शय्यादान. गादी गुरुजींना द्यायची, त्यांनी तिच्यावर घटकाभर पडायचं, की ती विश्रांती गेलेल्या माणसाला पोचते म्हणतात. प्रभंजनचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण ही एक पोचायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी केलगेरीतल्या आपल्या घरी बाळाचार्य गुरुजी गादीवर टेकले आणि चर्र आवाज झाला. दानाची वस्तू कोरी राहावी म्हणून प्रभंजनच्या आईनं, वेणूबाईंनी, प्लास्टिक काढू दिलं नव्हतं.

"हे काय," बाळाचार्य म्हणाले. महिन्याला दोन गाद्या मिळणारा माणूस, विषयातला जाणकार. "एवढा फोम घेतलास आणि अंगाला लागणार प्लास्टिक? अप्पांना घाम येईल."

"पण कोरी नको का?" वेणूबाई म्हणाल्या.

"वहिनी, दुकानात ठेवायची असली तर कोरी. झोपायची असली तर काढा ते."

प्रभंजननं कात्री आणून प्लास्टिक कापलं. बाळाचार्य पडले, कुशीवर वळले, थोडं कण्हले आणि घोरायला लागले.

अर्धा तास झाला. पानं मांडून तयार होती. पांडुरंगकाका हळूच म्हणाले, "उठव रे. जेवणं खोळंबलीत."

"कुणाला, गुरुजींना की अप्पांना?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग ते सुपारी कातरायला बसले.

अप्पा कधी घोरत नसत. घोरायला आधी झोप लागावी लागते. प्रभंजननं उठून पंखा एकानं वाढवला आणि गादीच्या कोपऱ्याशी जमिनीवर बसला. बोटानं फोम दाबला, सोडला. खड्डा सावकाश भरून आला.

वेणूबाई शेजारी येऊन बसल्या. "पोचलं असेल का रे त्यांना?"

'बघू' तोंडापर्यंत आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"पोचलं," तो म्हणाला. "काका, जेवणं थांबू देत."