कुणाची ओरड आली नाही

“उपटू?” साहेबांनी विचारलं.

“उपटा. पण घड्याळ बघून,” सर्व्हरकाका म्हणाले.

साहेबांनी मागची वायर ओढली. रॅकमधल्या सगळ्यात खालच्या यंत्राचा पंखा घरघरत थांबला. काकांनी एक कागद त्याच्या तोंडावर चिकटपट्टीनं लावला. ‘बंद केलं आहे. अडचण आल्यास फोन करा.’ खाली तारीख आणि स्वतःचा नंबर.

“आता काय करायचं?”

“आता गप्प बसायचं. कुणाला सांगायचं नाही. ज्याला लागत असेल तो बोंबलेलच. आठ दिवस कुणाची ओरड आली नाही, की समजायचं, हे नुसतं वीज खात होतं. मग काढून टाकायचं.”

“झकास आहे की हो!” साहेब म्हणाले.

आपली युक्ती साहेबांना आवडली, म्हणून काकांना बरं वाटलं. माणूस साधा. कुणी दोन शब्द चांगले बोललं की दिवसभर पुरवून पुरवून वापरायचा.

त्या दीडशे खाटांच्या रुग्णालयाचे सगळे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, सगळं या बिनखिडकीच्या गार खोलीतल्या अकरा यंत्रांवर चालायचं. बावीस वर्षं. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर घालणारा तिथला एकमेव माणूस म्हणजे सर्व्हरकाका. काही अडलं की फोन त्यांना. तिसऱ्या घंटेला ते उचलायचे आणि म्हणायचे, “बोला, काय बंद पडलंय?”

बायको त्या फोनला सवत म्हणायची. खोटं नव्हतंच ते. लेकीच्या लग्नात पाहुणे जेवायला खोळंबले होते आणि मुलीचा बाप जिन्यात उभा राहून कुणाला तरी पासवर्ड सांगत होता.

साहेब सहा महिन्यांपूर्वी आले ते हे सगळं क्लाउडवर न्यायलाच. क्लाउड म्हणजे दूर कुठल्यातरी इमारतीतली दुसऱ्याची यंत्रं, आपण भाड्यानं वापरायची. “तिकडं काम वाढलं की यंत्रं आपोआप वाढतात, काम ओसरलं की आपोआप कमी होतात. कुणी बघत बसायला नको,” साहेबांनी सांगितलं होतं. बघत बसण्यातच काकांचा जन्म गेला होता.

तरी ते कामाला लागले. तीन महिने एकेका यंत्रावरचा माल स्वतःच्या हातानं तिकडं पोचवला, जुळवून पाहिला, बॅकअप उघडून तपासला. कुठलं काम कुठून चालतं, बिघडलं तर आधी काय बघायचं, सगळं एका जाड वहीत लिहून काढलं. जाणता माणूस अशा वेळी थोडं हातचं राखून ठेवतो. काकांना ते कधी जमलंच नाही.

शेवटचं यंत्र बंद झालं त्या दिवशी साहेब म्हणाले, “काका, तुमची रजा साचलीय फार. आठ दिवस घ्या. मस्त आराम करा.”

बावीस वर्षांत रजेचं कुणी विचारलं नव्हतं. काका घरी आले ते हसतच.

“साहेब बरा दिसतोय तुमचा,” बायको म्हणाली. “पण ती सवत घरीच असणार ना?”

सवत उशाशीच होती. पहिल्या दिवशी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी बायकोच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावून पाहिला. व्यवस्थित वाजला.

“काय करताय?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. रेंज बघतोय.”

पाचव्या दिवशी काय करावं सुचेना, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला बसले. साखर, आणि खाली भरल्याची तारीख. चहापत्ती, तारीख. बायको हसली. “यंत्रं संपली, आता माझ्या डब्यांवर आलात!”

तिसऱ्या डब्यावर तारीख घालता घालता काकांचा हात थांबला. आठ दिवस. कुणाला सांगायचं नाही. ओरड येते का बघायचं.

ते बराच वेळ चिकटपट्टी हातात धरून बसले. राग येईना, कारण युक्ती त्यांचीच होती.

चाचणी चालू असताना यंत्रानं आपणहून ओरडायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना फोन लावला. दिवसातून चारदा फोन करणारी बाई ती.

“सिस्टर, रिपोर्ट वेळेवर दिसतायत ना?”

“अय्या, काका! एकदम फास्ट दिसतायत हो. पूर्वी किती खोळंबायचं! तुम्ही खालीच आहात ना? या की चहाला.”

“येतो,” काका म्हणाले. रजेवर आहोत हे त्यांना सांगवलं नाही.

नवव्या दिवशी ते कामावर गेले. रॅक रिकामं होतं. त्याच्या फळ्यांवर यंत्रांच्या जागी धुळीच्या चौकटी उरल्या होत्या. गारवा करणारं मशीनही बंद होतं. काकांना पहिल्यांदाच त्या खोलीत उकडलं. त्यांनी स्वेटर काढून हातावर घेतला.

साहेब आले. काकांकडे न बघता म्हणाले, “काही अडलं नाही, काका. तुमची वही फार उपयोगी पडली.”

“आठ दिवस कमी पडतात, साहेब,” काका म्हणाले. आवाज थोडा चढला, तसा त्यांनी तो खाली आणला. “काही यंत्रं वर्षातून एकदाच लागतात. वर्षाचा हिशेब, जुने रेकॉर्ड... ते तुम्हाला सांगायचं राहिलं.”

“ते आहे वहीत,” साहेब हळूच म्हणाले. “शेवटच्या पानावर. सगळं नीट लिहिलंय तुम्ही.”

काकांनी खिशातून खोलीची किल्ली काढली, रुमालानं पुसली आणि टेबलावर ठेवली.

घरी त्यांनी बायकोला नोकरी गेल्याचं दोन वाक्यांत सांगितलं. तिनं साहेबाला एक शिवी हासडली.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजले. रुग्णालयात पाळी बदलायची वेळ. या वेळेला हमखास फोन यायचे. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते, फोन समोरच्या स्टुलावर.

तो वाजला.

स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. दाराच्या फटीतून बायको दिसत होती, ओट्याला टेकून, फोन कानाला लावून, पाठमोरी.

काका ताठ बसले. एक घंटा जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. तिसरीला उचलला.

“बोला, काय बंद पडलंय?”



“काही नाही,” बायको म्हणाली. “चहा झालाय.”