तिसरी सही

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

सैनिकांच्या कुटुंबांसाठी जे कल्याण कार्यालय आहे, तिथे मी सहायक आहे. शाळेतल्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यानंतरची नोकरी. नवरे लांब असतात तेव्हा बायकांचे अर्ज लिहायचे, दवाखान्याच्या खेपा घालायच्या, मुलांचे दाखले मिळवायचे, कोणी रडलं तर ऐकून घ्यायचं. हे शेवटचं काम मला त्यातल्या त्यात जमतं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

आमच्या वसाहतीत एक हवालदार राहतात. सरावातल्या एका स्फोटात त्यांचे डोळे गेले. दृष्टी गेलेल्यांना काठीच्या आधाराने वावरायला शिकवणारा वर्ग आमच्या लष्करी रुग्णालयात आहे, पण तो फक्त रुग्णालयाच्या पटावरच्या लोकांना. म्हणून मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं आणि त्यांचं नाव पलटणीच्या पटावरून काढून रुग्णालयाच्या पटावर चढवलं. स्वतःवर खूश झालो. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर कळलं असतं, की पटावरून नाव गेलं की पलटणीचं घरही जातं. महिन्याभरात हुकूम आला : पंधरा दिवसांत घर रिकामं करा, वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला एक खोली मिळेल.

हुकूम घेऊन मीच गेलो. हवालदारांच्या बायकोने तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"काका, सात महिने लागले यांना हे घर पाठ व्हायला. आता नव्या खोलीत पुन्हा पहिलीत बसवू? वर्ग संपायला तीन महिने आहेत. तोवर मी इथून हलत नाही."

"ताई, चूक माझी आहे."

"मग माफी मागत बसू नका. भांडा."

भांडण मला आयुष्यात कधी जमलं नाही. मी अर्ज केले. एकामागून एक तीन. तिन्हींवर एकच शेरा आला : नियमानुसार कार्यवाही करावी.

सोळाव्या दिवशी सकाळी स्टोअरकीपर दोन हमालांना घेऊन दारात उभा राहिला. घराचा ताबा घेताना सरकारी सामानाची यादी करतात आणि तिच्याखाली तीन सह्या लागतात : राहणाऱ्याची, स्टोअरकीपरची आणि कल्याण सहायकाची. राहणाऱ्याने नकार दिला तर तसं लिहून भागतं. माझ्या सहीला मात्र पर्याय नाही. तिच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : 'कुटुंबाची काही अडचण नाही, याची खात्री केली आहे.' इतकी वर्षं मी ती ओळ न वाचताच सही करत आलो होतो.

"वहिनी, आमचा नाइलाज आहे," स्टोअरकीपर म्हणाला.

"तुमचा नाइलाज तुमच्याजवळ ठेवा. बूट काढून आत या."

खाटेखालचा नंबर बघायला हमालांनी खाट पुढे ओढली. आतल्या खोलीतून हवालदार नेहमीच्या पावलांनी आले आणि त्यांची नडगी लोखंडी दांडीवर आदळली.

ते वाकून पाय चोळत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "नंबर हवाय ना? सामान न हलवता विचारायचं. लिहा. खाटा दोन. हिचा नंबर चारशे अकरा, बोटांनी वाचलाय. पंखे दोन, आतला तिसऱ्या वेगावर कुरकुरतो. खिडक्यांच्या कड्या सहा, पाचवी बसत नाही. मोरीतला नळ उलटा फिरतो."

स्टोअरकीपरने कागद चाळला. "यादीत तर सगळं सुस्थितीत आहे."

"यादी कोणा डोळस माणसाने केली असेल."

हमाल हसले. हवालदारांची बायकोही हसली, पण पुढे ओढलेल्या खाटेची दांडी तिने घट्ट धरून ठेवली होती.

स्टोअरकीपरने राहणाऱ्याच्या जागी 'नकार' लिहिलं, आपली सही ठोकली आणि कागद माझ्यापुढे केला. "चला मास्तर, उरका."

मी पेन उघडलं. परत बंद केलं. "नाही करत."

"काय?"

"अडचण आहे. नाही असं कसं लिहू?"

त्याने सरळ वसाहतीच्या साहेबांना फोन लावून माझ्या कानाशी धरला. "तुम्ही कुटुंबांना समजवायला आहात की चिथवायला?" साहेब गरजले. "नियम वाचले नाहीत तुम्ही, आणि निस्तरायचं आम्ही?"

"हो साहेब. तेव्हा नीट वाचले नव्हते. आता वाचलेत." माझा आवाज इतका कापत होता, की मला स्वतःचीच लाज वाटली. "माझ्या सहीशिवाय ताबा होत नाही."

"उद्या दुसरा सहायक पाठवतो. तुमचं काय करायचं तेही बघतो."

"पाठवा साहेब. ती ओळ त्यालाही वाचून दाखवीन."

फोन बंद झाला. मी कागद भिंतीला टेकवला आणि सहीच्या जागी लिहिलं : 'अडचण आहे. वर्ग संपेपर्यंत ताबा देता येणार नाही.' अक्षर वेडंवाकडं आलं. तरी खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

स्टोअरकीपरने ते वाचलं. "मास्तर, नोकरी जाईल."

"जाईलही," मी म्हणालो. त्या क्षणी मला खरंच भीती वाटत होती.

"उद्याचं उद्या," हवालदारांची बायको म्हणाली. "दुसरा येऊ दे, नाहीतर दहावा. खाट मात्र आत्ता जागेवर हवी. ओढली कोणी?"

स्टोअरकीपरने हमालांकडे पाहिलं, मग कागद खिशात घातला आणि स्वतःच वाकला. दुसरी बाजू मी धरली. हवालदार नडगी दांडीला लावून उभे राहिले.

"अजून दोन बोटं आत," ते म्हणाले.

आम्ही ढकलली.