शेवटचे तिघं

डायलिसिस केंद्रातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र शनिवारी बंद पडलं. दुरुस्तीला आठवडा लागणार होता. नदीपलीकडच्या इस्पितळाने सोमवार-मंगळवार आपली आठ यंत्रं द्यायचं कबूल केलं. म्हणजे केंद्राच्या पेशंटांचे आठ-आठचे गट पाडायचे, दिवसाला तीन पाळ्या लावायच्या आणि कुणी किती वाजता जायचं याचा मेसेज प्रत्येकाला पाठवायचा.

केंद्राचं सॉफ्टवेअर आमचं ऑफिस सांभाळतं. जावास्क्रिप्टमध्ये यादीचे तुकडे पाडायचे, हे काम मी डोळे मिटून करीन असं मला वाटायचं. यादीची लांबी भागिले आठ, तितक्या फेऱ्या. प्रत्येक फेरीत ‘स्लाइस’ या आज्ञेने आठ नावं कापून घ्यायची आणि पुढे सरकायचं. भागाकारात अपूर्णांक आला तर तो वरच्या आकड्याला न्यायला हवा. मी खालच्या आकड्याला नेला. तपासायला चाळीस खोटी नावं घेतली होती, आणि चाळीसला आठने नीट भाग जातो.

खरी यादी त्रेचाळीस जणांची होती. रविवारी संध्याकाळी सिस्टरनी बटण दाबलं, पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘पाचपैकी पाच गट पाठवले.’ मी गट मोजत होते, माणसं मोजली नव्हती.

शेवटच्या तिघांतल्या दोघांनी सोमवारी फोन करून भांडण काढलं. सिस्टरना वाटलं, यांनी मेसेज पुसला असेल. त्यांनी दोघांना मंगळवारच्या संध्याकाळच्या पाळीत बसवलं. त्या पाळीत सहा यंत्रं रिकामीच राहिली. तिसरे होते घड्याळवाले आजोबा. ते कुणाशी भांडायचे नाहीत. उपचाराला आले की आधी खुर्चीवर चढून केंद्राचं सतत मागे पडणारं भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे करायचे, मग हात पुढे करायचे. सिस्टर रागवायच्या, “आजोबा, पडाल एखाद दिवशी!” ते म्हणायचे, “पडलो तर तुमच्याच दारात पडेन, सोय आहे की.”

बुधवारी पहाटे ते घरीच वारले.

त्या दिवशी दुपारी मी खरी यादी घेऊन तो कोड पुन्हा चालवला. पाच गट. मग चूक सुधारली. एका ओळीतला एक शब्द बदलला, बाकी काही नाही. सहा गट आले. सहाव्यात तीन नावं, आणि तिसरं त्यांचं.

सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि दिवसभरात खोटं बोलायचं नाही असा माझा नेम आहे. म्हणून ऑफिसात मला संतीणबाई म्हणतात. गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर पत्र तयार होतं.

“वाच. मेसेज रवाना झाला होता, नेटवर्कच्या अडचणीमुळे पोचला नसावा. एवढंच.”

“रवाना झालाच नव्हता, साहेब.”

“अगं, ते सत्तरीच्या पुढचे. किडन्या गेलेल्या. कधीतरी व्हायचंच होतं ते.”

“मंगळवारी संध्याकाळी यंत्रं रिकामी होती.”

 साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “संतीणबाई, एक दिवस सुट्टी द्या तुमच्या नेमाला. बारा घरं चालतात या ऑफिसवर. आजोबांच्या पत्नी दुपारी केंद्रात कागद न्यायला येणार आहेत. पत्र दे आणि ये. जास्त बोलू नकोस.”

मी पत्र घेतलं. नाही म्हणायचं धाडस तिथे झालं नाही, हेही खरंच आहे.

आजी केंद्रातल्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, हातात जुना फोन. मी शेजारी बसले. मी कोण ते सांगितलं, तशी त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, तू कॉम्प्युटरवाली ना? मग तुला कळेल. मला एकच सांग.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “रविवारी संध्याकाळी मी हा बंद करून चार्जिंगला लावला होता. तासभर. तेवढ्यात येऊन गेला का गं तो मेसेज?”

मी सांगायच्या आत त्या पुढे बोलू लागल्या.

“मी सोमवारी म्हटलं, फोन करू या. तर म्हणाले, कशाला त्यांना त्रास? आपलं नाव शेवटी आहे, शाळेच्या हजेरीपासून शेवटीच आहे. थोडा उशीर होणारच. मंगळवारी पाय सुजले, धाप लागली, तरी तेच. म्हणाले, शेवटी घेतात, पण घेतात.” त्यांनी पदराने फोनची काच पुसली. “माझ्याकडूनच राहिला ना?”

पत्र माझ्या पर्समध्ये होतं. ते दिलं असतं तर हा प्रश्न त्यांच्याजवळ जन्मभर राहिला असता.

“नाही आजी,” मी म्हटलं. “मेसेज आलाच नाही, कारण गेलाच नव्हता. आठ-आठचे गट पाडताना शेवटची तीन नावं सुटली. ते काम मी केलं होतं. चूक माझी आहे. फोन चालू असता तरी काही आलं नसतं.”

त्यांनी माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला.

“तीन नावं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग दुसरे दोघं?”

“त्यांनी फोन केला होता.”

आजींनी मान हलवली. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं होतं, त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग फोनच्या कडेचं बटण त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं. रविवारच्या त्या तासानंतर त्यांनी तो बंद केलाच नव्हता. उशिरा का होईना, मेसेज येईल आणि तो त्याच तासात पाठवलेला होता का, हे त्यावरच्या वेळेवरून कळेल म्हणून. काच काळी झाली. त्यांनी फोन पिशवीत तळाशी ठेवला.

“जा तुम्ही आता,” त्या म्हणाल्या.