सशाची तंगडी आणि शेवटचं वाक्य

नाक मुरडू नका. मी सशाची तंगडी बोलतेय, मागची डावी. माझा ससा इंग्लंडातल्या लिंकनशरच्या शेतात मारला गेला. त्याचं बाकीचं अंग रश्श्यात गेलं आणि मी वाळून एका नटीच्या गालावर चढले. कुणाचं नशीब कुठं उघडेल, सांगता येत नाही.

आमच्या काळी नट्या गालाला लाली लावायच्या ती सशाच्या केसाळ पायानंच. ऑगस्टा फेन चौदा वर्षांची होती, तेव्हा तिच्या आईनं जत्रेतल्या तंबूमागे मला तिच्या हातात ठेवलं. आई फिरत्या नाटक मंडळीत राणीची कामं करायची. म्हणाली, "ही हरवलीस तर नशीब हरवलंस."

त्यानंतर पाचव्या वर्षी आम्ही लंडनला. दुकानांच्या काचांत तिचे फोटो लागले. एकदा तर तरण्या पोरांनी तिच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. लाली माझी, घाम त्यांचा, नाव तिचं. असो. मोठ्या घरच्या बायका तिला घरी बोलवत नसत. 'रंग फासणारी' म्हणायच्या. त्याच बायका नाटक संपलं की मागच्या दारानं येऊन हळूच विचारायच्या, "गालाला काय लावता हो?" माणसांचं हे मला कधी उमगलं नाही.

मला चौकशीची खोड. गालावरून फिरताना मी रोज शोधायचे, खरी ऑगस्टा नेमकी कुठून सुरू होते? लालीखाली कधी भ्यालेली सापडायची, कधी नुसती भुकेली. पुरती कधी सापडली नाही.

ती शेहेचाळीस वर्षांची झाली आणि थिएटरचे मालक मिस्टर डॅलो खोलीत आले. "मॅडम, नायिका आता तरुण मिस लार्क करील. तुम्हाला म्हाताऱ्या आईचं काम. ते जमलं तर ठीक, नाहीतर हा हंगाम तुमचा शेवटचा."

तिला कपडे चढवणारी पेग पिगट तोंडात टाचण्या धरून उभी होती. टाचण्या काढून म्हणाली, "साहेब, तुमच्या टकलाला कुणी शेवटचा हंगाम सांगितला का?"

डॅलो गेले. ऑगस्टा हसली नाही.

त्या नव्या नाटकातली आई समुद्रात गेलेल्या मुलाची अकरा वर्षं वाट बघते. शेवटी तो दारात उभा राहतो. मग तिचं एक वाक्य, की पडदा. पण नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. बोललं तर नाटक पडतं. त्या जागी काहीतरी बडबडून मोकळं व्हायचं. ऑगस्टा म्हणायची, "चल, चहा घेऊ." की सगळे चहाला पळाले. असं तीन आठवडे, रोज.

पहिल्या प्रयोगाला पेगनं तिच्या तोंडावर सुरकुत्या काढल्या. लालीची डबी उघडलीच नाही. "तंगडी ठेवू पेटीत?"

"नको. खिशात असू दे."

खिशातून दिसत नाही, ऐकू येतं. मुलगा दारात आला. "आई," म्हणाला. लेखकानं लिहून दिलं होतं, 'हे दयाघना, सागराने गिळलेले माझे रत्न तू परत दिलेस.' त्या कागदावर मी महिनाभर पडून होते, मला पाठ. तेवढ्यात तिचा हात खिशात आला आणि तिनं मला करकचून आवळलं. बाहेर तिचा आवाज ऐकू आला.

"चल, चहा घेऊ."

विंगेत पेग म्हणाली, "मेलो आपण."

पडदेवाल्यानं तीन आठवडे हेच ऐकलेलं. त्यानं पडदा सोडला.

मग वरच्या स्वस्त बाकांवर कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. मग दुसऱ्यानं. अकरा वर्षांनी पोरगं दारात आलं, तर आई दुसरं काय म्हणणार? टाळ्या थांबेनात. डॅलो धावत आले. "मॅडम, मुद्दाम केलंत ना हे?" ती नुसती मान वाकवून उभी राहिली. लेखकानं आपलं वाक्य मुकाट्यानं खोडलं. पुढं नऊ वर्षं लोक त्या चहासाठी तिकीट काढत होते.

पेगनं एकदा तोंडावर विचारलं, "बाईसाहेब, चुकलात ना?"

"चहा आण, पेग."

पुढं ऑगस्टा वारली. आता मी मिस लार्कच्या खणात असते. तिला लालीसाठी मऊ गोंडा लागतो, मला कसर लागलीय. पण माझ्या एका अंगाला चार टकलं आहेत, ती कसरीची नव्हेत. तिथं त्या दिवशी तिची बोटं होती. ज्याला वाक्य आठवत असतं, तो एवढं घट्ट धरत नाही. खरी ऑगस्टा मला सापडली ती तिथं, गालावर नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. बाहेर बोलू नका. नाटक पडेल.