पाण्याखालची चार कडवी

"कोनी खरं मानत नाई, पोरी, पन मी या हौदाच्या बुडाशी बसून चार कडवी ऐकली हायेत. धृपदासकट!"

रिकाम्या हौदात उकिडवे बसून जानराव भिंतीची चीर खिळ्यानं खरवडत होते. खिळा थांबत नव्हता आणि तोंडही.

"डोये बंद, नाक चिमटीत, डोक्यावर हातभर पानी. अन् आवाज असा लख्ख, जसा कोनी कानाशी येऊन गाऊन राहिलं! तिसऱ्या कडव्यात देवीदासच्या बापाचं पेटीवरलं बोट घसरलं, थेबी मले खाली समजलं."

आकांक्षा हौदाच्या वरच्या पायरीवर पाय आखडून बसली होती. कृषी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, त्यामुळे तिला कशावरही प्रश्न पडायचे.

"चार कडवी म्हणजे किती मिनिटं झाली, आजोबा?"

"पान्यात घड्याय घेऊन कोन जाते?"

ती हसली, पण हौदाच्या तळाकडे पाहिल्याबरोबर हसू विझलं. सात वर्षांची असताना ती शेंदूरजनाघाटला मामाच्या संत्र्याच्या बागेतल्या शेततळ्यात पडली होती. तेव्हापासून ती डोक्यावरून पाणी घेत नसे. केससुद्धा मान मागे टाकून धुवायची. उद्या ईस्टर. उद्या याच हौदात पाळकसाहेब तिला पाण्याखाली घेणार होते.

अकोल्यातल्या कापसाच्या जुन्या जिनिंग मिलमागच्या गल्लीत हे बॅप्टिस्ट चर्च आहे. इथे तान्ह्या लेकरांच्या कपाळावर पाणी लावत नाहीत. माणूस मोठा होतो, स्वतःच्या तोंडानं "मला यायचंय" म्हणतो, आणि मग त्याला डोक्यासकट एकदा पाण्यात बुडवून काढतात; हाच बाप्तिस्मा. त्यासाठी व्यासपीठाखाली हौद आहे. वर्षभर त्यावर फळ्या असतात आणि फळ्यांवर उभं राहून पाळक उपदेश करतात. हौद उघडतो तो ईस्टरला.

जानराव इथले राखणदार. रविवारी घंटा, बुधवारी प्रार्थनासभेच्या सतरंज्या, शुक्रवारी महिला मंडळाची बाकं. आणि ईस्टरला पाण्यात उतरून पायरीच्या तळाशी उभं राहणं, खाली येणाऱ्याचा हात धरणं. सेहेचाळीस वर्षं. दर ईस्टरला ते छातीपर्यंत भिजत आणि डोक्यावरची पांढरी टोपी मात्र इस्तरीची घडी न मोडता बाहेर आणत. उतरणाऱ्या प्रत्येकाला आदल्या दिवशी ही चार कडव्यांची गोष्ट मिळे. तो पाण्यातून वर आला, की जानराव त्याच्या कानाशी लागून विचारत, "आलं ना आयकू?" नाकातोंडातलं पाणी निपटत प्रत्येकानं आजवर मान हलवली होती.

"आजोबा, मी उद्या नाही म्हटलं तर?"

खिळा थांबला.

"तं नाई म्हनशीन. देव काई वारंट नाई काढत. पन भेवापायी नाई म्हनू नको. मी हाये ना खाली उभा."

तेवढ्यात पाळक ललित आत आले. वय तिशीचं, मूळचे अमरावतीचे, बदलून येऊन वर्ष झालेलं. त्यांनी चिरेत बोट घालून पाहिलं.

"काका, हे काही टिकणार नाही. आणि नळाला पाणी आता थेट मंगळवारी. एका शाळेवाले त्यांचा तरणतलाव सकाळी दोन तास देतो म्हणालेत. मी हो म्हणून टाकतो."

"अन् हा?"

"चर्चच्या वडीलमंडळाचं तर ठरलंच आहे, काका. ईस्टरनंतर हा बुजवायचा. वर लादी टाकली की कीबोर्ड आणि ड्रमला जागा होते. एक दिवस आधी बंद झाला, तर काय बिघडलं?"

जानरावांनी कपाळाचा घाम टोपीला लागू न देता मनगटानं पुसला.

"सोमवारी बुजवा, पाळकसाहेब. पायजे तं मी घमेलं धरतो. पन उद्या हौद भरनार."

"पाणी कुठून आणणार?"

"पानी मी आनतो. तुमी फक्त हो म्हनू नका."

पाळकांनी आकांक्षाकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"सहा वाजेपर्यंत भिंतीवरच्या त्या लाल पट्ट्याला पाणी लागलं, तर इथे," पाळक म्हणाले. "नाहीतर तरणतलाव."

लवकर घट्ट होणारं सिमेंट चिरेत दाबून जानराव हात धूत होते, तेव्हा साधनाबाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या चर्चच्या सेक्रेटरी होत्या. मंडळीला पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून त्या चर्चचा इतिहास लिहीत होत्या, आणि त्यांच्या काखेत कापडी पुठ्ठ्याची जुनी बाप्तिस्म्याची वही होती.

"जानरावकाका, सापडलं बरं का. एकोणऐंशीचा ईस्टर. बारा नावं, आणि पहिलंच तुमचं. बाकीचे अकरा एकतर देवाघरी, नाहीतर पुण्याला लेकांकडे. तुम्ही एकटे इथे उरलात."

"हो. पुण्याले कोनी बलावलं नाई अन् देवानंबी नाई."

"उद्या शेवटचा दिवस हौदाचा. उपासनेत तुमची साक्ष ठेवली आहे. या हौदात मी कसा बुडालो आणि कसा वर आलो, पाच मिनिटं. आणि काका," त्यांनी शाळेतलं बोट वर केलं, "तिखटमीठ नको. खरं तेवढंच."

"खरं पाच मिनिटं पुरते का, बाई?"

साधनाबाई हसून गेल्या. जानराव मात्र ओले हात तसेच धरून उभे राहिले.

वहीत नाव होतं, कारण ती आदल्याच दिवशी लिहून ठेवलेली असे. त्या ईस्टरला पहिला उतरणारा खरोखरच जानराव होता; सव्वीस वर्षांचा, जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलणारा गडी. तो कमरेइतक्या पाण्यात पोचला आणि हात धरायला ठेवलेले वडीलमंडळातले एक गृहस्थ पहिल्याच पायरीवरून घसरले. पाय मुरगळला, गलका झाला. "जानराव, तुझे हात दणकट आहेत. तू धर सगळ्यांना," म्हातारे पाळक म्हणाले. त्यानं धरलं. एक, दोन, अकरा. अकरावा वर आला आणि पाळकांनी हात उंचावून शेवटची प्रार्थना म्हणून टाकली. पहिला तर पहिलाच झाला असणार, असं त्यांना वाटलं. मंडळीलाही वाटलं, माणूस गळ्यापर्यंत निथळत होता. बायांनी त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला त्याच्यापुढे आला. सगळे गात होते. अशा वेळी "माझं राहिलं" म्हणून कोण ओरडतो? सोमवारी सांगू, असं त्यानं ठरवलं. सोमवारी त्याच पाळकांनी त्याच्या हातात चर्चची किल्ली ठेवली. ती बाप्तिस्मा झालेल्या माणसालाच देत.

जन्मभर जानरावांनी इतक्या लोणकढ्या थापा मारल्या, की गल्लीनं त्यांचा हिशेब सोडून दिला होता. ही एकच गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. ती आपोआप खोटी झाली होती, आणि तिच्यावर चार कडव्यांचं झाकण तेवढं त्यांनी नंतर बसवलं.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि देवीदासच्या घराकडे निघाले.

देवीदास भाजी विकायचा आणि रविवारी बापाच्या जागी पेटी वाजवायचा. दुपारच्या उन्हात त्याची हातगाडी रिकामी उभी होती.

"गाडी काढ. दोन ड्रम टाक. जिनिंगच्या बोअरले पानी हाये."

"काका, त्रेचाळीस डिग्री हाये बाहेर! कोंबडी अंडं नाई, आमलेट देऊन राहिली."

"मंग तुले नाष्टा झाला. चाल."

देवीदास पुढून ओढायचा, जानराव मागून रेटायचे. ड्रम खिडकीखाली आले, की पाइप आत सोडून जानराव तोंडानं पाणी ओढून घ्यायचे आणि धार हौदात पडायची. पहिल्या दोन खेपा तर तळ ओला होण्यातच गेल्या. चौथ्या खेपेला गाडीचं एक चाक निखळलं. ते बसवलं. पाचव्या खेपेला बोअरवाल्या चौकीदारानं विचारलं, "एवढं पानी कायले?" जानरावांनी त्याला चर्चमध्ये देवमासा पाळल्याचं सांगितलं. सहाव्या खेपेला तो देवमासा पाहायला आला आणि गाडीला हात लावून गेला.

सातव्या खेपेनंतर देवीदास खिडकीखाली बसला. "पुरे ना, काका. कमरेपर्यंत आलं."

"कमरेपर्यंतच्या पान्यात मानूस बुडत नाई, देवीदास. नुसता भिजते."

"काय फरक पडते?"

 जानरावांनी गाडीचा दांडा स्वतः उचलला. बाहत्तर वर्षांचा माणूस गाडी ओढतोय हे पाहून देवीदासला उठावंच लागलं.

बाराव्या खेपेचं शेवटचं पाणी पाइपातून गुळगुळ करत पडलं तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. पाणी लाल पट्ट्याला लागलं होतं आणि चीर धरून होती. पाळक ललितांनी पट्टा पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि खिशातून फोन काढून तरणतलाववाल्यांना "नको" कळवलं. साधनाबाई उद्याच्या गीतांची यादी घेऊन आल्या होत्या. देवीदास घामेजल्या अंगानं पेटीपाशी बसून सूर तपासत होता. आणि दारात आकांक्षा उभी होती. तिचे केस ओले होते, टोकांतून पाणी गळत होतं.

"ये, ये," जानराव म्हणाले. ते हौदाच्या काठावर बसले होते, पाय पाण्यात सोडून. थकवा आला की त्यांची जीभ जास्त चालायची. "पाह्य, कसा भरला! उद्या फक्त डोये मिट अन् कान उघडे ठेव. बाई, तुमीबी ऐका, थेच सांगतो उद्या साक्षीत. मी खाली गेलो. वर गीत चालू. पयलं कडवं लख्ख. दुसरं लख्ख. तिसऱ्यात याच्या बापाचं बोट…"

"आजोबा," आकांक्षा म्हणाली, "मी आज घरी करून पाहिलं."

"काय?"

"कूलरचा टब भरला अन् त्यात डोकं घातलं. पहिल्या वेळी घाबरून लगेच बाहेर आले. मग आईला बाजूला बसवून गायला लावलं. सतरा वेळा केलं." ती पुढे आली. "पाण्याखाली गाणं ऐकू येत नाही. शब्द तर नाहीच. नुसता घूं घूं आवाज येतो, अन् आपल्याच छातीचे ठोके. कडवं कुठलं चाललंय, तेसुद्धा कळत नाही."

पेटीचा भाता देवीदासच्या हाताखाली हळूहळू बसला. त्याचा सूर लांबत लांबत विरला.

"मले वाटे, माह्यातच काई खोट हाये," तो पेटीकडेच पाहत म्हणाला. "वीस वर्षं झाली. सगळ्याइले आयकू आलं अन् मलेच नाई. म्हनून मान हलवली."

साधनाबाईंचा हात नकळत कानाशी गेला होता. त्यांनी तो खाली घेतला. "मीसुद्धा," त्या म्हणाल्या, फार हळू.

पाळक ललित एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचा बाप्तिस्मा अमरावतीला झाला होता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ही गोष्ट आली नव्हती.

जानरावांनी तोंड उघडलं. टबातलं पाणी वेगळं आणि हौदातलं वेगळं, असं काहीतरी जिभेच्या टोकावर आलंही होतं. अजून एखादं कडवं, एखादा देवमासा. ते आलं आणि तिथेच थांबलं. चार कडवी त्यांनी खरोखरच ऐकली होती. लख्ख. कमरेइतक्या पाण्यात, उभ्यानं.

त्यांनी टोपी काढली. विरळ पांढरे केस टाळूला चिकटले होते. टोपीची घडी सरळ केली आणि ती काठावर, पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवली.

आकांक्षा त्या टोपीकडे पाहत राहिली, मग त्यांच्याकडे. मग ती सँडल काढून त्यांच्याशेजारी काठावर बसली आणि स्वतःचेही पाय तिनं पाण्यात सोडले. पाणी घोट्यांना लागलं तशी ती एकदा शहारली, पण पाय वर घेतले नाहीत.

"खोटं बोलून राहिले तुमी, आजोबा," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "खाली गेलेल्याले समजते, काईच आयकू येत नाई; तुमी कदी पान्याखाली गेलेच नाई. उद्या पहिले तुमी उतरा. मी तुमच्या मागून."