खंड्याचा शिक्का

“बाबा, औंदा येऊन गेली बरं का तुमची पोर!” शेळ्या तशाच सोडून काठावरच्या वाडीतली नवसी बांधावरून ओरडत आली.

विष्णुपंत छत्री तशीच टाकून पुढं झाले. “उमा? कधी?”

“झालं आठ दिस. निली साडी व्हती. डबा उघाडला, शिक्का मारला नि गेली.”

“माझं काही विचारलं?”

“इचारलं की! बाबा बरं हायेत का, म्हंली.”

आठ वर्षं! आठ वर्षं हा माणूस दर मे महिन्यात बदलापूरहून एसटीनं बारवीच्या काठी लेकीची खूण शोधत येत होता, आणि शेळ्या चारणाऱ्या नवसीला ते सगळं सांगून झालेलं. धरणाचंच पाणी ते, पण कारखान्यातले सगळे त्याला तळं म्हणत. शहाऐंशी सालापर्यंत आनंदनगरच्या त्यांच्या कारखान्याचं शिबिर इथंच भरायचं. तंबू ठोकलेले, पोराबाळांचा नुसता कालवा. विलायतेला जाऊन आलेल्या एका साहेबांनी खेळ काढला होता. झाडाखाली डबा लपवायचा, आत एक वही आणि डब्याचा शिक्का. ज्याला सापडेल त्यानं डब्याचा शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा आणि स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा. शिक्के खोडरबर कोरून घरीच केलेले. विष्णुपंतांनी कुलूप कोरलं. स्टोअरकीपरला दुसरं काय सुचणार? उमेनं खंड्या कोरला, लांब चोचीसकट. डब्याच्या शिक्क्यावरचा मासाही तिनंच कोरलेला.

पुढं कारखान्याला टाळं लागलं, शिबिरं संपली. उमेनं निर्वासितांच्या कॅम्प दोनमधल्या कापडवाल्याच्या मुलाशी लग्न केलं आणि विष्णुपंतांचं डोकंच फिरलं. “या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस!” माणूस रागात बोलतो आणि विसरतो. उमा विसरली नाही. “नाही ठेवणार, बाबा. तळ्यावर कधी तरी येऊन जाईन. डब्यात खंड्या दिसला तर समजा, माफ केलं.” दोघं गाव सोडून गेली. ना पत्ता, ना पत्र.

जांभळीखालचा दगड विष्णुपंतांनी दोन्ही हातांनी सरकवला. डब्याचं झाकण उघडलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचीच सात कुलपं, एकाखाली एक. आणि खाली एक नवा ठसा.

मासा. तोही उलटा.

उमेनं डब्याचा शिक्का डब्याच्याच वहीत मारला असता? शक्य नाही! खेळाचे नियम तिला झोपेतही पाठ होते. आणि डब्यातला शाईचा पॅड तर केव्हाच वाळून खडखडीत झालेला. त्यांनी ठशावर बोट फिरवलं. अजून ओलसर होता. हुंगून पाहिलं. जांभूळ.

नवसी पदराला बोटं पुसत उभी होती. जांभळाचा डाग पदरानं थोडाच निघतोय?

“गेल्या साली तुमी हितं बसून रडलात,” ती उगाच म्हणाली. “बरं नाय दिसत.”

त्यांना आधी संताप आला, मग तोही ओसरला. काय बोलायचं हिला? उमा येणार नव्हती. औंदा नाही, कधीच नाही. ठाऊक तर केव्हापासून होतं. आज ते स्वतःशी कबूल करावं लागलं, एवढंच.

“खूश झालात ना, बाबा?”

“झालो गं, झालो.”

पिशवीतून त्यांनी जेवणाचा डबा काढला. पोळ्या आणि मेथांबा, उमेच्या आवडीचा. न जाणो भेटलीच तर, म्हणून उमेची आई कुंदाबाई दरवर्षी बांधून द्यायच्या आणि दरवर्षी तो तसाच परत जायचा. “बस. खा.”

नवसीनं मांडी घालून सगळं फस्त केलं. “गोड हाय, पर वाईच कडू लागतं.”

विष्णुपंतांनी पिशवीतला आपला पॅड काढून वहीत आठवं कुलूप मारलं, दगड जागेवर सारला आणि तळ्याच्या पाण्यात जेवणाचा डबा स्वच्छ धुऊन घेतला.

दिवेलागणीला बदलापुरात, मांजर्लीच्या घरी कुंदाबाईंनी डबा हातात घेतला. हलका लागला. झाकण उघडलं तर आत एक घाससुद्धा उरला नव्हता.

“अहो... भेटली?”

चपला काढता काढता विष्णुपंतांनी मान डोलावली.

“खाल्लं तिनं?”

“सगळं.”

“काय म्हणाली?”

“गोड आहे म्हणाली. जरा कडवट लागला.”

कुंदाबाईंनी डोळे पुसले. “या खेपेला मेथ्या करपल्याच हो माझ्या. पुढच्या वर्षी जपून करीन.”